प्रश्न वाचकांचे: घरच्या कॉम्प्युटरवर बीएसडी

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ‘जुनं मशीन भंगारात द्यायचं नाही, बीएसडी टाकून बघू का?’ असं विचारणाऱ्यांसाठी या वेळचं सदर आहे. बीएसडी म्हणजे युनिक्सच्या कुळातल्या मोफत ऑपरेटिंग सिस्टीम. आज्ञा आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत. कीबोर्डवर ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायची. जिथे मोठी अक्षरं लागतात तिथे तसं लिहिलं आहे. जवळपास सगळ्या आज्ञांना रूटचे, म्हणजे सिस्टीमच्या मुख्य चालकाचे, अधिकार लागतात.

प्रश्न: चौथ्या पिढीचा आय३, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबी हार्ड डिस्क असा डेस्कटॉप आहे. विंडोज ११ त्यावर बसत नाही. फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी, नेटबीएसडी यांतलं काय घेऊ? लिनक्सपेक्षा वेगळं काय मिळेल?
– इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, सांगली

फ्रीबीएसडी घ्या. तिघांचं मूळ एकच, कॅलिफोर्निया विद्यापीठात बर्कली इथे वाढलेलं युनिक्स. फ्रीबीएसडी आणि नेटबीएसडी १९९३ मध्ये सुरू झाल्या. १९९५ मध्ये थिओ डी राट यांनी नेटबीएसडीतून ओपनबीएसडी वेगळी काढली. घरच्या डेस्कटॉपसाठी फ्रीबीएसडीकडे तयार पॅकेजेस भरपूर आहेत आणि झेडएफएस ही फाइलसिस्टीम (डिस्कवर फायली मांडण्याची पद्धत) इन्स्टॉलरमध्येच मिळते. नेटबीएसडीची आठवण ३२ बिटांचं किंवा फारच वेगळ्या जातीचं हार्डवेअर हाताशी असेल तेव्हा काढावी.

लिनक्सपेक्षा मोठा फरक रचनेत आहे. कर्नल (सिस्टीमचा गाभा), शेल (आज्ञा टाइप करायचा प्रोग्राम), नेटवर्कची साधनं आणि मॅन्युअल पानं एकाच प्रकल्पात, एकाच सोर्समधून तयार होतात. फायरफॉक्स, लिबरऑफिस असं बाहेरचं सगळं ‘/यूएसआर/लोकल’ या फोल्डरखाली वेगळं बसतं. प्रयोग करताना डेस्कटॉपचा पार विचका झाला तरी ‘पीकेजी डिलीट -ए’ म्हणून सगळी पॅकेजेस काढून टाका, खाली धडधाकट सिस्टीम शिल्लक राहते. सेवांच्या बहुतेक सेटिंग्ज ‘/ईटीसी/आरसी.कॉन्फ’ या एकाच साध्या फाइलीत असतात. ‘मॅन आरसी.कॉन्फ’ टाइप केलंत की त्यातली ओळ न् ओळ समजावलेली सापडते. शिकणाऱ्याला याचा फायदा फार मोठा आहे. इंटरनेटवरचा पाच वर्षांपूर्वीचा लेख शोधण्याआधी मॅन पान उघडायची सवय लावून घ्या.

तुमच्या मशीनवर आधी हार्ड डिस्क बदला. २४० किंवा २५६ जीबीची साटा एसएसडी पुरते. एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप, फायरफॉक्स आणि लिबरऑफिस धरून सिस्टीम साधारण २० जीबीत मावते. त्यानंतर डीडीआर३ ची आणखी एक ४ जीबीची पट्टी लावा. सिस्टीम ४ जीबीतही चालते, पण ब्राउझरचे दहा टॅब उघडले की स्वॅप (रॅमऐवजी डिस्क वापरणं) सुरू होतो. रॅम वाढवता येत नसेल तर झेडएफएसच्या कॅशला मर्यादा घाला. ‘/ईटीसी/सिससीटीएल.कॉन्फ’ मध्ये ‘व्हीएफएस.झेडएफएस.एआरसी.मॅक्स=१०७३७४१८२४’ ही ओळ लिहिली की कॅश १ जीबीच्या पुढे जात नाही. २ जीबीच्या मशीनवर सरळ यूएफएस ही जुनी, साधी फाइलसिस्टीम निवडा.

प्रश्न: पेनड्राइव्ह तयार केला, पण लॅपटॉप त्यावरून सुरूच होत नाही. एकदा सुरू झाला तर इन्स्टॉलरला डिस्क दिसली नाही. विंडोजही ठेवायचं आहे.
– एक वाचक, नाशिक

पेनड्राइव्हसाठी नावात ‘मेमस्टिक’ असलेली इमेज उतरवा आणि तिचा एसएचए२५६ ताळा (फाइल नीट उतरली का हे सांगणारा आकडा) जुळवून घ्या. इमेज कॉपी-पेस्ट करून चालत नाही, ती बाइट-बाय-बाइट लिहावी लागते. पेनड्राइव्ह लिहिणाऱ्या रूफस या प्रोग्रामने विचारलंच तर ‘डीडी’ पद्धत निवडा.

दुसरी अडचण सिक्युअर बूटची, म्हणजे फक्त मान्य सही असलेली सिस्टीम सुरू होऊ देणाऱ्या कुलपाची. फ्रीबीएसडी त्यासकट सुरू होत नाही, ते यूईएफआय सेटअपमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) जाऊन बंद करावं लागतं. पण त्याआधी विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का ते बघा. चालू असेल तर सिक्युअर बूट बंद केल्यावर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं आणि ती जवळ नसेल तर तुमच्याच फायली तुम्हाला उघडता येत नाहीत. की कागदावर उतरवून ठेवा.

डिस्क न दिसण्याचं नेहमीचं कारण म्हणजे स्टोरेज कंट्रोलर इंटेलच्या ‘आरएसटी’ किंवा ‘रेड’ मोडमध्ये असणं. तो ‘एएचसीआय’वर न्यावा लागतो. मोड थेट बदलला तर विंडोज निळा पडदा दाखवतं, म्हणून विंडोज आधी सेफ मोडमध्ये सुरू होईल असं ठरवा, मग सेटअपमध्ये मोड बदला, एकदा सेफ मोडमध्ये सुरू होऊ द्या आणि मग नेहमीसारखं चालवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. इन्स्टॉलरमधला ‘ऑटो झेडएफएस’ पर्याय पूर्ण डिस्क घेतो, विंडोजसकट सगळं पुसतो. विंडोज ठेवायचं तर त्याच्या डिस्क मॅनेजमेंटमधून आधी निदान ६० जीबी जागा मोकळी करा, इन्स्टॉलरमध्ये ‘ऑटो यूएफएस’ घ्या आणि पुढच्या पानावर ‘एन्टायर डिस्क’ऐवजी ‘पार्टिशन’ निवडा. आमचं मत विचाराल तर पहिल्यांदा करताय, तेव्हा दुसरी एसएसडी घ्या आणि विंडोजची डिस्क त्या वेळी काढूनच ठेवा.

प्रश्न: आमच्याकडे उन्हाळ्यात दिवसातून दोन-तीनदा वीज जाते. झेडएफएस चांगलं की यूएफएस? डेटा जाईल का?
– दुकानदार, बार्शी

वीज जाणाऱ्या ठिकाणी झेडएफएस. कारण त्याच्या कामाच्या पद्धतीत आहे. झेडएफएस जुन्या जागेवर नवं लिहीत नाही. बदललेला मजकूर मोकळ्या जागेत उतरवतं आणि सगळं नीट बसल्यावर शेवटी पत्ता बदलतं. मध्येच वीज गेली तर पत्ता जुन्याच, शाबूत मजकुराकडे बोट दाखवत राहतो. असे बदल साधारण दर पाच सेकंदांनी एकगठ्ठा डिस्कवर जातात, तेव्हा शेवटच्या काही सेकंदांत टाइप केलेलं जाऊ शकतं, फाइलसिस्टीम मात्र मोडत नाही. सुरू होताना फाइलसिस्टीमची तपासणी करावी लागत नाही. ‘झेडएफएस सेट सिंक=डिसेबल्ड’ करा, वेग वाढतो, असा सल्ला कुठे दिसला तर तो तुमच्यासाठी नाही. बिलिंगच्या प्रोग्रामने ‘लिहिलं का?’ विचारल्यावर मिळणारं खरं उत्तर त्याने बंद होतं.

यूएफएसवर इन्स्टॉलर सॉफ्ट अपडेट्स जर्नलिंग चालू करून देतो. त्यामुळे तपासणी बहुधा काही सेकंदांत आटपते, पण जर्नल फक्त फाइलसिस्टीमची रचना सांभाळतं, फाइलीतला मजकूर नाही. कधीतरी तपासणी अडते आणि मशीन काळ्या पडद्यावर शेलचं नाव विचारत थांबतं. घाबरू नका. एंटर दाबा, ‘एफएससीके -वाय’ चालवा, ‘क्लीन’ असं म्हणेपर्यंत पुन्हा चालवा, मग ‘रीबूट’.

झेडएफएसची एक मर्यादा लक्षात असू द्या. डेटाच्या प्रत्येक तुकड्याचा चेकसम (पडताळणीचा आकडा) असल्यामुळे कुजलेला डेटा ते ओळखतं, पण डिस्क एकच असेल तर दुरुस्त करायला दुसरी प्रत नसते. दुकानाच्या हिशोबाला दोन सारख्या डिस्क मिररमध्ये (दोन्हींवर तोच डेटा) लावा. इन्स्टॉलरमध्येच ‘मिरर’ निवडता येतं. मग ‘/ईटीसी/पिरिऑडिक.कॉन्फ’ मध्ये ‘डेली_स्क्रब_झेडएफएस_एनेबल=येस’ लिहा. नावात ‘डेली’ असलं तरी स्क्रब, म्हणजे सगळ्या डेटाची पडताळणी, रोज होत नाही, ३५ दिवसांनी एकदा होतो. अधूनमधून ‘झेडपूल स्टेटस -एक्स’ चालवून बघा. सगळं ठीक असेल तर एकाच ओळीत तसं सांगतं.

स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या फायलींची त्याच डिस्कवरची नोंद) म्हणजे बॅकअप नव्हे. ‘झेडएफएस स्नॅपशॉट झेडरूट/होम@सोमवार’ने चुकून पुसलेली फाइल परत मिळते, पण डिस्क जळाली तर स्नॅपशॉटही जळतो. आठवड्याला एकदा बाहेरच्या डिस्कवर ‘झेडएफएस सेंड’ आणि ‘झेडएफएस रिसीव्ह’ करा आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा.

यूपीएस घेताना मागे यूएसबी पोर्ट आहे का ते बघूनच घ्या. स्वस्त ६०० व्हीएच्या बऱ्याच यूपीएसना तो नसतो, त्यामुळे वीज गेल्याचं कॉम्प्युटरला कळतच नाही. पोर्ट असेल तर ‘एनयूटी’ हे पॅकेज टाकून बॅटरी उतरण्याआधी मशीन आपोआप बंद करता येतं.

प्रश्न: इन्स्टॉल झालं, एक्सएफसीई टाकलं, पण ग्राफिक्सचं मॉड्यूल चढवल्यापासून पडदा काळा. मशीन बंद करून परत सुरू केलं तरी तेच.
– एक वाचक, अकोला

आधी बाहेर पडू. सुरुवातीच्या मेनूत २ दाबून सिंगल यूजरमध्ये जा. ‘माउंट -यू /’ चालवा, म्हणजे डिस्कवर लिहिता येईल. मग ‘सिसआरसी -एक्स केएलडी_लिस्ट’ने मॉड्यूलची (कर्नलला जोडलेल्या ड्रायव्हरची) नोंद काढा आणि रीबूट करा.

आता कारणं. ग्राफिक्सचं मॉड्यूल ‘/बूट/लोडर.कॉन्फ’ मध्ये लिहिलं असेल तर ते फार लवकर चढतं आणि मशीन अडकतं. त्याची जागा आरसी.कॉन्फमध्ये. इंटेलसाठी ‘सिसआरसी केएलडी_लिस्ट+=आय९१५केएमएस’, एएमडीच्या नव्या कार्डासाठी ‘एएमडीजीपीयू’, जुन्यासाठी ‘रेडिऑनकेएमएस’. त्याआधी ‘पीकेजी इन्स्टॉल डीआरएम-केमॉड’ झालेलं हवं.

मॉड्यूल नीट नोंदलेलं असूनही चढत नसेल तर पडद्यावरच्या संदेशात ‘व्हर्जन मिसमॅच’ हे शब्द शोधा. तयार पॅकेज एका मधल्या आवृत्तीच्या कर्नलवर बांधलेलं असतं आणि तुमचा कर्नल दुसऱ्या आवृत्तीचा, म्हणून हे होतं. कर्नल मॉड्यूलसाठी ‘फ्रीबीएसडी-केमॉड्स’ नावाचं वेगळं भांडार आहे. ‘पीकेजी -व्हीव्ही’ने ते चालू असल्याची खात्री करा आणि ‘पीकेजी इन्स्टॉल -एफ’ने पुन्हा टाका. त्यापुढे ‘डीआरएम-केमॉड’बरोबर आलेल्या, आकडा असलेल्या प्रत्यक्ष मॉड्यूलच्या पॅकेजचं नाव द्या, कारण ‘डीआरएम-केमॉड’ हे नुसतं आवरण आहे.

दोन बारीक गोष्टी राहतात. आपला यूजर ‘व्हिडिओ’ गटात हवा: ‘पीडब्ल्यू ग्रुपमॉड व्हिडिओ -एम’ आणि पुढे यूजरचं नाव. आणि कुठून तरी उतरवून घेतलेली ‘एक्सॉर्ग.कॉन्फ’ फाइल असेल तर पुसा. इंटेल आणि एएमडीवर एक्सॉर्ग (पडद्यावर चित्र काढणारा प्रोग्राम) स्वतःच योग्य ते ओळखतं. डेस्कटॉपसाठी पुरेशी यादी अशी: ‘पीकेजी इन्स्टॉल एक्सॉर्ग एक्सएफसीई लाइटडीएम लाइटडीएम-जीटीके-ग्रीटर’, मग ‘सिसआरसी डीबस_एनेबल=येस’ आणि ‘सिसआरसी लाइटडीएम_एनेबल=येस’. डीबस (प्रोग्रामना एकमेकांशी बोलू देणारी सेवा) विसरलात तर लॉगिन होतं आणि लगेच परत लॉगिनचाच पडदा येतो.

प्रश्न: वाय-फाय दिसत नाही. घरात केबल ओढणं शक्य नाही. आणि ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट हवं, इंटरनेटला ड्रायव्हर हवा!
– शिक्षक, चिपळूण

अँड्रॉइड फोन हाताशी असेल तर हा फेरा आता सुटेल. फोन डेटा केबलने जोडा. फक्त चार्जिंगची केबल चालणार नाही. मग फोनवर ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. ‘इफकॉन्फिग’ चालवल्यावर ‘यूई०’ असं नाव दिसलं पाहिजे. दिसलं नाही तर ‘केएलडीलोड इफ_यूआरएनडीआयएस’, काही नव्या फोनना ‘केएलडीलोड इफ_सीडीसीई’. मग ‘डीएचक्लायंट यूई०’ म्हटलं की इंटरनेट आलं. आयफोनला आधी ‘यूएसबीमक्सडी’ पॅकेज लागतं, म्हणून पहिल्या दिवशी घरातला अँड्रॉइडच घ्या.

आता आतली चिप कोणती ते बघा: ‘पीसीआयकॉन्फ -एलव्ही’. जिच्या ओळीची सुरुवात ‘नन०’ने होते, तिला कुठलाच ड्रायव्हर मिळालेला नाही. खाली कंपनी आणि मॉडेल लिहिलेलं असतं. इंटेलची बहुतेक कार्डं ‘आयडब्ल्यूएलवायफाय’, ‘आयडब्ल्यूएम’ किंवा ‘आयडब्ल्यूएन’ या ड्रायव्हरवर चालतात. फ्रीबीएसडीच्या १४ मालिकेत ‘एफडब्ल्यूगेट’ ही आज्ञा हार्डवेअर ओळखून लागणारं फर्मवेअर (चिपच्या आत चालणारा प्रोग्राम) स्वतः उतरवते. फोन जोडलेला असतानाच ती चालवा आणि रीबूट करा. ‘सिससीटीएल नेट.डब्ल्यूलॅन.डिव्हाइसेस’ने ‘आयडब्ल्यूएलवायफाय०’ असं उत्तर दिलं की अर्धं काम झालं.

आरसी.कॉन्फमध्ये दोन ओळी: ‘डब्ल्यूलॅन्स_आयडब्ल्यूएलवायफाय०=डब्ल्यूलॅन०’ आणि ‘इफकॉन्फिग_डब्ल्यूलॅन०="डब्ल्यूपीए सिंकडीएचसीपी"’. नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड ‘/ईटीसी/डब्ल्यूपीए_सप्लिकंट.कॉन्फ’ मध्ये. शेवटी ‘सर्व्हिस नेटइफ रीस्टार्ट’.

इतकं करूनही आपलं नेटवर्क यादीत नसेल, शेजाऱ्यांची मात्र दिसत असतील, तर दोष राउटरच्या सेटिंगमध्ये शोधा. राउटर चॅनल १२ किंवा १३ वर गेला असेल तर फ्रीबीएसडीची मूळ सेटिंग ते चॅनल बघतच नाही. राउटरमध्ये १, ६ किंवा ११ पक्का करा. सुरक्षा फक्त ‘डब्ल्यूपीए३’वर असेल तर ती मिश्र किंवा डब्ल्यूपीए२ वर आणा. वेग ५४ मेगाबिटच्या आतच अडकत असेल तर आवृत्ती बघा. इंटेलच्या ‘आयडब्ल्यूएलवायफाय’ ड्रायव्हरला ८०२.११एन आणि एसी या वाय-फायच्या वेगवान पद्धतींचा वेग फ्रीबीएसडी १४.३ मध्ये मिळाला.

चिप ब्रॉडकॉमची असेल तर तिच्यावर आठवडे घालवू नका, कार्ड बदला. एम.२ खाच असलेल्या लॅपटॉपमध्ये इंटेल एएक्स२०० किंवा एएक्स२१० बसतं. एएक्स२०१ मात्र घेऊ नका. दिसायला तेच असलं तरी ते ठरावीक इंटेल प्रोसेसरबरोबरच चालतं. काही कंपन्यांचे लॅपटॉप स्वतःच्या यादीबाहेरचं कार्ड स्वीकारत नाहीत, तेवढं आधी शोधून घ्या. यूएसबी डोंगल घ्यायचा तर आरटीएल८१८८ईयू किंवा आरटीएल८१९२सीयू चिपचा. डब्यावर मॉडेल तेच असून आवृत्तीगणिक आतली चिप बदललेली असते, म्हणून परत करता येईल अशाच दुकानातून घ्या.

प्रश्न: फ्रीबीएसडीतून विंडोजमध्ये गेलं की घड्याळ साडेपाच तास मागे. दरवेळी!
– एक वाचक, ठाणे

विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात भारतीय वेळ ठेवतं, फ्रीबीएसडीला मात्र तुम्ही तिथे यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) आहे असं सांगितलं आहे. ‘टीझेडसेटअप’ पुन्हा चालवा, ‘यूटीसी आहे का?’ला नो म्हणा, आशियातून भारत निवडा. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपला असेल तर घड्याळ काही वर्षं मागे जातं आणि ‘पीकेजी’ सर्टिफिकेटच्या चुका दाखवू लागतं. तेव्हा आधी सेल बदला.

प्रश्न: मराठी टाइप करायचं आहे. पेनड्राइव्हवरच्या माझ्या मराठी नावांच्या फायलींच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसतात. फायली गेल्या का?
– निवृत्त शिक्षिका, वाई

फायली सुखरूप आहेत ताई, फक्त नावं वाचली जात नाहीत. पेनड्राइव्ह फॅट पद्धतीचा असेल तर फ्रीबीएसडी त्यावरची नावं पश्चिम युरोपीय लिपीत आहेत असं गृहीत धरतं. माउंट करताना भाषा सांगा: ‘माउंट_एमएसडॉसएफएस -एल ईएन_यूएस.यूटीएफ-८ /डेव्ह/डीए०एस१ /एमएनटी’. इथे ‘-एल’मधला एल, ‘यूएस’ आणि ‘यूटीएफ’ मोठ्या अक्षरांत. ही आज्ञा चालवल्यावर ‘सहल यादी’ पुन्हा ‘सहल यादी’ दिसेल. तोवर त्या फायलींची नावं बदलू नका, पुसू तर मुळीच नका. काळ्या पडद्याच्या कन्सोलवर मात्र देवनागरी जुळून येत नाही. काना-मात्रा सुटे दिसतात. मराठी नावांचं काम डेस्कटॉपवरच करा.

फॉन्टसाठी ‘पीकेजी इन्स्टॉल नोटो’, मग ‘एफसी-कॅश -एफ’. ‘एफसी-लिस्ट :लँग=एमआर’ने मराठी दाखवू शकणाऱ्या फॉन्टची यादी येते. ती रिकामी नसली म्हणजे झालं.

टाइपिंगसाठी इनस्क्रिप्ट येत असेल तर वेगळं काही टाकावं लागत नाही. ‘सेटएक्सकेबीमॅप -लेआउट यूएस,आयएन -ऑप्शन जीआरपी:ऑल्ट_शिफ्ट_टॉगल’, आणि ऑल्ट-शिफ्ट दाबून भाषा बदला. ‘ळ’ शिफ्टसह एनवर आहे. ‘दऱ्या’मधला ‘ऱ्या’ अनेकांना सापडत नाही. शिफ्टसह जे दाबा, मग डी, मग तिरकी रेघ आणि काना. नुसत्या जेवरच्या ‘र’ने सुरुवात केली तर रफार होतो आणि ‘दर्या’ उमटतो. फोनेटिक हवं असेल तर ‘आयबस’ आणि ‘आयबस-एम१७एन’ घ्या. त्यात मराठीचे फोनेटिक आराखडे आहेत.

जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेल्या प्रश्नपत्रिका उघडायच्या असतील तर तो फॉन्ट विंडोजमधून आणून ‘.फॉन्ट्स’ फोल्डरमध्ये टाका. वाचता आणि छापता येतील. नवं लेखन मात्र युनिकोडमध्येच करा.

प्रश्न: मी हिशोबाची कामं करतो. टॅली, जीएसटीची डिजिटल सही, नेटबँकिंग, ऑनलाइन मीटिंग हे सगळं चालेल?
– एक वाचक, कल्याण

टॅली आणि सहीच्या यूएसबी टोकनसाठी विंडोजचं मशीन राहू द्या. टोकनचे ड्रायव्हर बीएसडीसाठी निघत नाहीत, आणि विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेला प्रयोग करू नयेत. नेटबँकिंग फायरफॉक्समध्ये चालतं. मीटिंग ब्राउझरमधून होतात. कॅमेऱ्यासाठी ‘वेबकॅमडी’ पॅकेज टाका, ‘सिसआरसी वेबकॅमडी_एनेबल=येस’ करा, ‘क्यूज’ मॉड्यूल चढवा आणि स्वतःला ‘वेबकॅमडी’ गटात घाला. पैसे भरून बघायच्या चित्रपटांच्या सेवा कॉपी-संरक्षणामुळे थेट चालत नाहीत. लिनक्सच्या सुसंगती थरातून तजवीज होते, पण घरच्यांना त्यावर विसंबायला सांगू नका.

प्रश्न: एचपी लेझरजेट १०२० आहे. कप्समध्ये (छपाई सांभाळणाऱ्या प्रोग्राममध्ये) दिसतो, काम ‘पूर्ण’ दाखवतो, कागद मात्र हलत नाही.
– झेरॉक्सचं दुकान, लातूर

या प्रिंटरच्या पोटात फर्मवेअर कायमचं नसतं. प्रत्येक वेळी बटण चालू केलं की ते कॉम्प्युटरने पाठवावं लागतं. विंडोजचा ड्रायव्हर हे गुपचूप करतो. इथे ‘एफओओ२झेडजेएस’ पॅकेज टाका, ‘एसआयएचपी१०२०.डीएल’ ही फर्मवेअर फाइल मिळवा आणि प्रिंटर चालू झाल्यावर ‘कॅट एसआयएचपी१०२०.डीएल > /डेव्ह/यूएलपीटी०’ करा. मोटर क्षणभर फिरल्याचा आवाज आला की पोचलं. त्यानंतर छपाई होते. वीज जाऊन आली की हे पुन्हा करावं लागतं.

‘परमिशन डिनाइड’ असं लॉगमध्ये दिसलं तर ‘/ईटीसी/डेव्हएफएस.रूल्स’ मध्ये यूएलपीटी साधनं ‘कप्स’ गटाला ०६६० परवानगीने द्या आणि आरसी.कॉन्फमध्ये त्या नियमसंचाचं नाव ‘डेव्हएफएस_सिस्टिम_रूलसेट’ला द्या. नवा प्रिंटर घ्याल तेव्हा नेटवर्कचा, ‘आयपीपी एव्हरीव्हेअर’ किंवा ‘एअरप्रिंट’ लिहिलेला घ्या. त्याला ड्रायव्हरच लागत नाही.

प्रश्न: जुना थिंकपॅड घेतला, ओपनबीएसडी टाकलं, फार आवडलं. पण मीटिंगमध्ये माझा आवाज जात नाही, आणि फायरफॉक्समधून ईमेलला फाइल जोडताना डॉक्युमेंट्स फोल्डर रिकामा दिसतो.
– एक वाचक, मडगाव

दोन्ही गोष्टी मुद्दाम तशा ठेवल्या आहेत. ओपनबीएसडी मूळ सेटिंगमध्ये मायक्रोफोनमधून शांतताच देते, म्हणजे कुठलाही प्रोग्राम न विचारता ऐकू शकत नाही. ‘सिससीटीएल कर्न.ऑडिओ.रेकॉर्ड=१’ करा. कॅमेऱ्यासाठी ‘कर्न.व्हिडिओ.रेकॉर्ड=१’. कायमचं हवं तर या ओळी ‘/ईटीसी/सिससीटीएल.कॉन्फ’ मध्ये लिहा. आमचा सल्ला, मीटिंगपुरतं चालू करा आणि नंतर ० करा.

फायरफॉक्सला घरच्या फोल्डरपैकी ‘डाउनलोड्स’च दिसतं, बाकीचं ‘अनव्हेल’ या यंत्रणेने झाकलेलं असतं. जोडायची फाइल आधी तिथे कॉपी करा. ब्राउझरमध्ये घुसखोरी झाली तरी तुमच्या एसएसएच किल्ल्या (दुसऱ्या मशीनमध्ये लॉगिन करायच्या गुप्त फायली) आणि कागदपत्रं हाती लागत नाहीत, एवढ्यासाठी ही गैरसोय सोसण्यासारखी आहे.

ब्लूटूथ ओपनबीएसडीत नाही, तारेचा हेडफोन घ्या. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते आणि आधार फक्त शेवटच्या दोन आवृत्त्यांना असतो. म्हणून ‘सिसअपग्रेड’, मग ‘पीकेजी_ॲड -यू’ हे वर्षातून दोनदा करायचंच. मधल्या काळातल्या दुरुस्त्यांसाठी ‘सिसपॅच’.

प्रश्न: फ्रीबीएसडी १४.२ वरून १४.३ वर जायचं आहे. काही बिघडलं तर परत कसं यायचं?
– एक वाचक, पुणे

झेडएफएसवर असाल तर परतीची वाट आधी बांधा: ‘बीईसीटीएल क्रिएट जुनी’. नाव रोमन अक्षरांत द्या. काही क्षणांत आत्ताच्या सिस्टीमची पूर्ण प्रत तयार होते आणि सुरुवातीला ती जागाही खात नाही.

मग ‘फ्रीबीएसडी-अपडेट फेच’ आणि ‘फ्रीबीएसडी-अपडेट इन्स्टॉल’ने १४.२ अद्ययावत करा. पुढे ‘फ्रीबीएसडी-अपडेट -आर १४.३-रिलीज अपग्रेड’. इथे ‘रिलीज’ मोठ्या अक्षरांत. मध्ये काही सेटिंग फायलींचे जुने-नवे बदल दाखवून विचारलं जातं, ते वाचूनच हो म्हणा. तुमची स्वतःची ओळ गायब होताना दिसली तर थांबा. त्यानंतर ‘फ्रीबीएसडी-अपडेट इन्स्टॉल’, रीबूट, पुन्हा तीच ‘इन्स्टॉल’ आज्ञा. रीबूटनंतरची दुसरी ‘इन्स्टॉल’ बरेच जण विसरतात आणि मग कर्नल नवा, बाकी साधनं जुनी अशी खिचडी होते. शेवटी ‘पीकेजी अपग्रेड’ आणि ग्राफिक्स असेल तर ‘डीआरएम-केमॉड’ पुन्हा टाकणं.

बिघडलं तर रीबूट करा, सुरुवातीच्या मेनूत ‘बूट एन्व्हायर्नमेंट्स’मधून जुनी निवडा. नीट चालली की ‘बीईसीटीएल ॲक्टिव्हेट जुनी’.

अपग्रेडनंतर ‘झेडपूल स्टेटस’ काही नव्या सोयी चालू नाहीत असं सांगून ‘झेडपूल अपग्रेड’ सुचवेल. ते लगेच करू नका. तो सल्ला आहे, बिघाड नाही. पूल (झेडएफएसने एकत्र बांधलेली डिस्कची जागा) एकदा अपग्रेड झाला की जुनी सिस्टीम तो उघडू शकेलच असं नाही, म्हणजे बांधलेली परतीची वाट बंद. आणि ईएफआय पार्टिशनवरचा (मशीन सुरू करायला लागणाऱ्या डिस्कच्या छोट्या भागावरचा) लोडर, म्हणजे सिस्टीम सुरू करणारा प्रोग्राम, जुनाच राहिला तर मशीन सुरूच होत नाही. महिनाभर नवी आवृत्ती वापरा, ‘/बूट/लोडर.ईएफआय’ ही फाइल ईएफआय पार्टिशनवरच्या ‘/बूट/ईएफआय/ईएफआय/फ्रीबीएसडी’ फोल्डरमध्ये कॉपी करा आणि मगच पूलला हात लावा.